दिवाळी ते दत्तजयंती: तिरप्या उन्हात फोटो कसे काढायचे

शरद ऋतूतले फोटो म्हटले की लाल-पिवळ्या पानांचे सडे डोळ्यांपुढे येतात. ते चिनारांच्या काश्मिरात. आपल्याकडे पळसा-सागाची पानगळ व्हायला माघ-फाल्गुन उजाडतो; कार्तिकात झाडं हिरवीच असतात. इथे रंग पालटतं ते गवत. सह्याद्रीच्या उतारांवरचं आणि देशावरच्या माळांवरचं गवत दिवाळीच्या आसपास पिकतं आणि पुढचे चार-सहा आठवडे सगळा मुलूख सोनेरी दिसतो. त्याच दिवसांत मावळात-कोकणात भाताची झोडणी, विदर्भात कापूस वेचणी, कोल्हापूर-सांगलीकडे ऊसतोड आणि गुऱ्हाळं. पहाटे धुकं, संध्याकाळी शेकोटीचा धूर. कौतुक पावसाळ्याचं जास्त होतं, पण पावसाळ्यात कॅमेरा अर्धा वेळ पिशवीतच असतो.

या काळाचं भांडवल म्हणजे तिरपा उजेड. मेच्या मध्याला पुण्यात दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो. नोव्हेंबर संपताना तो भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ५० अंशांवर असतो. उभ्या माणसाची सावली तेव्हाही त्याच्या उंचीच्या पाऊणपटीहून लांब पडते. शिवाय या ऋतूत टिपण्यासारख्या बहुतेक गोष्टी उजेड आरपार जाऊ देणाऱ्या असतात: गवताचे तुरे, दव, कोळ्याची जाळी, धुकं, धूर, वाफ, उडणारा भुसा. अशा गोष्टींवर आपल्या पाठीमागून ऊन पडलं की त्या सपाट दिसतात, त्यांच्या मागून पडलं की पेटतात. 'सूर्याकडे पाठ करून फोटो काढावा' हा लग्नाच्या ग्रुप फोटोचा नियम इथे विसरायचा. सूर्य समोर किंवा बाजूला घ्यायचा. पुढची सगळी खटपट याच एका गोष्टीसाठी आहे.

सोबत काय घ्यायचं

कॅमेरा कोणताही चालेल. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ मिमी लेन्स या लेखातल्या बहुतेक कामांना पुरते. आणखी एक लेन्स घ्यायचीच असेल तर ५० मिमी एफ/१.८ घ्या ('एफ/'चा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचं, ॲपर्चरचं माप; आकडा लहान तितकं छिद्र मोठं), स्वस्त आहे आणि कमी उजेडात उपयोगी पडते. गेल्या पाच-सहा वर्षांतला बरा मोबाईल पक्षी आणि चंद्र सोडून सगळं काढू शकतो.

उजेड समोर घेणार असाल तर लेन्स हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारी झालर, हवंच. बरेच जण ते उलटं बसवलेल्या अवस्थेतच वर्षानुवर्षं वागवतात. ते सरळ करून लावा. रबरी ब्लोअर, लेन्ससाठी मऊ कापड आणि बॉडी पुसायला जुनं सुती फडकं अशी दोन वेगळी कापडं, दोन-तीन प्लास्टिकच्या पिशव्या, टॉर्च, घोट्यापर्यंतचे बूट. ट्रायपॉड संध्याकाळी लागतो. दिवसभर खांद्यावर बाळगू नका, दहा वाजेपर्यंत वैताग येतो.

आदल्या रात्रीची तयारी

पहाटे थंडीत, अंधारात मेनू शोधत बसलात तर धुकं तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून हे घरीच करून ठेवा:

१. मोड ॲपर्चर प्रायोरिटीवर, म्हणजे छिद्र तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा. डायलवर 'ए' किंवा 'एव्ही' असतं ते.
२. फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) आणि जेपेग दोन्ही. समोरच्या उजेडात सावल्या काळ्या पडतात. त्या रॉमध्ये बऱ्याच वर काढता येतात.
३. ऑटो आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ते) सुरू, कमाल मर्यादा ३२००, किमान शटर स्पीड १/१२५ सेकंद.
४. व्हाइट बॅलन्स (फोटोची पिवळट-निळसर छटा ठरवणारी सेटिंग) ऑटोवरून काढून सूर्याच्या चिन्हावर. ऑटोवर कॅमेरा पहाटेचा पिवळा उजेड 'दुरुस्त' करतो आणि सोनेरी गवत उकडलेल्या रंगाचं येतं. नवख्यांच्या फोटोत सोनं हरवतं ते बहुतेक वेळा इथेच.
५. फोकस पॉइंट एकच, मधला. सगळे पॉइंट चालू ठेवले तर कॅमेरा सर्वांत जवळची गवताची काडी पकडतो.
६. बॅटरी पूर्ण चार्ज, कार्ड रिकामं.

मोबाईलवर कॅमेऱ्यातली ग्रिड चालू करा, फोटोवर तारीख छापणारा पर्याय बंद करा आणि मागची काच स्वच्छ पुसा. खिशातल्या तेलकट काचेवर समोरून ऊन आलं की सगळा फोटो दुधाळ होतो, मग फोन कितीही महागाचा असो.

एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणजे अधिक-उणे चिन्हाचं बटण. ते न बघता अंगठ्याला सापडलं पाहिजे. कॅमेऱ्याला समोर काय आहे ते कळत नाही. तो प्रत्येक दृश्य मध्यम करड्या उजेडाचं आहे असं धरून चालतो. पांढरं धुकं समोर आलं की तो फोटो काळपट करतो, गर्द डोंगर आला की फिकट. म्हणून पांढरट दृश्याला अधिक, काळसर दृश्याला उणे. मोबाईलवर हेच काम बोट टेकवल्यावर येणारी सूर्याची खूण वर-खाली सरकवून होतं. बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही जागच्या जागी लॉक होतात.

पहाट: धुकं

धुकं पडेल का याचा अंदाज आदल्या संध्याकाळी बांधता येतो. आकाश निरभ्र, वारा जवळजवळ नाही, जमिनीत ओल, आणि दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असेल तर नदीकाठ, धरणाचा फुगवटा आणि भिजवलेल्या उसाच्या पट्ट्यात धुकं धरतं. अवकाळी पाऊस पडून गेल्यावरची पहिली निरभ्र रात्र सोडू नका, सर्वांत दाट धुकं तेव्हा मिळतं. ढगाळ रात्रीनंतर मात्र खुशाल झोपा; ढग जमिनीची उष्णता जाऊ देत नाहीत.

पुण्यात नोव्हेंबरच्या मध्याला सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो, नागपुरात त्याच्या साधारण वीस मिनिटं आधी. जागेवर उगवतीच्या अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा. या दिवसांत सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही, २० ते २२ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश असते. पूर्वेपासून उजवीकडे दोन मुठी मोजा, तिथे सूर्य येईल. झाड, देवळाचा कळस किंवा होडी त्या दिशेला येईल अशी जागा अंधारातच पक्की करा.

मग असं करा. ॲपर्चर एफ/८. कॉम्पेन्सेशन अधिक ०.७, धुकं फार दाट असेल तर अधिक १. धुक्यात ऑटोफोकस पुढे-मागे भिरभिरतो, कारण पकडायला कडच नसते. फोकस पॉइंट झाडाच्या खोडावर किंवा होडीच्या काठावर टेकवा, तेही जमलं नाही तर मॅन्युअलवर जाऊन स्क्रीनवर चित्र मोठं करून फोकस करा. फ्रेममध्ये पाच-दहा मीटरवर काहीतरी गडद हवं, त्यामागे थोडं फिकट, त्यामागे आणखी फिकट. नुसत्या धुक्याचा फोटो म्हणजे करडा कागद. जवळची बाभूळ, मधली बैलगाडी, मागची पुसट टेकडी असे तीन थर मिळाले की खोली येते.

मोबाईलवर एचडीआर बंद करता येत असेल तर करा. तो गडद आणि उजळ भाग एकसारखे करायला बघतो, आणि धुक्याची मजा त्या फरकातच असते.

सूर्य वर आला की धुकं तास-दीड तासात विरतं, पण शेवटची वीस मिनिटं सर्वांत चांगली असतात. झाडांच्या फांद्यांमधून उजेडाचे पट्टे पडतात ते तेव्हा. झाडाच्या सावलीत उभं राहून, सूर्य खोडाआड ठेवून, उणे ०.७ वर ते टिपा. सूर्य फ्रेममध्ये घेताना डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून बघू नका. लांब लेन्स लावलेली असेल तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढा.

लेन्सवर बारीक थेंब साचतात आणि ते स्क्रीनवर लक्षात येत नाहीत. दर पाच मिनिटांनी काच तपासा. दोन फोटोंच्या मध्ये कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवा.

दव आणि जाळी

सात ते साडेआठ हा दवाचा वेळ. माळावर, बांधावर, कुंपणाच्या तारांवर कोळ्यांची जाळी एरवीही असतात, दवामुळे ती दिसायला लागतात. जाळं तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये आणा आणि जाळ्यामागे काहीतरी काळोखं असू द्या: सावलीतलं झुडूप, दूरची कपार, सोबत्याची काळी सॅक. मागे उजळ आकाश आलं की जाळं गायब होतं.

कॅमेऱ्याची पाठ जाळ्याला समांतर धरा. जवळून काढताना फोकसची खोली अर्ध्या सेंटिमीटरवर येते, त्यामुळे कॅमेरा जरा तिरका झाला की अर्धं जाळं धूसर. एफ/८ ते एफ/११, शटर १/१६० किंवा वेगवान, आयएसओ वाढला तर वाढू द्या. लेन्स ५५ मिमीवर नेऊन जितकं जवळ फोकस होतं तितकं जा, फोकस मॅन्युअलवर ठेवा आणि स्वतः किंचित पुढे-मागे झुकत पाच-सहा फोटो काढा; एक तरी नेमका येतो. सूर्योदयानंतर दीड-दोन तासांनी वारा सुटतो, तेव्हा हे काम थांबवा. स्प्रेच्या बाटलीने पाणी मारलेली जाळी लगेच ओळखू येतात, थेंब फार मोठे आणि वेडेवाकडे असतात.

गवत

कासच्या पठारावरची फुलं ऑक्टोबरात आटोपतात. त्यानंतर तिकडची गर्दी ओसरते, आणि खरं तर त्याच वेळी साताऱ्यापासून भोर, पुरंदर, अकोले तालुक्यापर्यंतचे उघडे उतार बघण्यासारखे होतात. मात्र उशीर करू नका. दिवाळीनंतर वैरणीसाठी गवत कापायला सुरुवात होते, आणि एकदा कापणी झाली की उरतात ते खुंट. निघण्याआधी गावात एखाद्याला विचारून घ्या.

वेळ दुपारी साडेतीन ते सूर्यास्त. पुण्याकडे सूर्य सहाच्या दोन-चार मिनिटं आधी मावळतो. डोंगराची आपल्याकडची बाजू सावलीत गेली आहे आणि पुढच्या माळावर अजून ऊन आहे अशी जागा शोधा. आता गुडघ्यांवर बसा. उभ्याने बघितलं तर गवताची नुसती चटई दिसते. तुऱ्यांच्या उंचीवर डोळा नेला की तेच तुरे मागच्या काळ्या उतारावर एकेक करून उजळतात. एफ/४ ते एफ/५.६, फोकस दोन-तीन मीटरवरच्या एका ठळक तुऱ्यावर, कॉम्पेन्सेशन उणे ०.७ ते उणे १. फ्रेमचा बराच भाग गडद असल्यामुळे कॅमेरा उजेड वाढवायला बघतो आणि तुऱ्यांचे पांढरे ठिपके करून टाकतो, म्हणून उणे. तीच फ्रेम वर उचलून निम्मं आकाश घेतलं तर हिशेब उलटा, अधिक १.

वारा असेल तर ठरवा: गवत थिजवायचं की वाहू द्यायचं. थिजवायला १/५००. वाहू द्यायला ट्रायपॉडवर १/८ आणि फ्रेममध्ये एखादा दगड किंवा मैलाचा खांब, म्हणजे एक गोष्ट स्थिर राहते. १/६० वर मात्र दोन्ही साधत नाही, हात हलल्यासारखा फोटो येतो.

समोरच्या उन्हामुळे फोटोत रंगीत डाग किंवा धुरकटपणा आला तर हूड असूनही लेन्सवर वरून मोकळा हात धरा, सावली नेमकी काचेवर पडेल असा. हात फ्रेममध्ये येत नाही ना ते बघा.

आता कुसळं. कुसळी गवताचं टोकदार बी मोजे, पायजम्याची काठ, सॅकची जाळी, सगळ्यात घुसतं. लेन्सचं कापड गवतावर ठेवलं आणि त्याच कापडाने काच पुसली तर ओरखडा आयुष्यभर राहतो. कापड बंद पिशवीत ठेवा. पायाला सुती किंवा लोकरीपेक्षा गुळगुळीत नायलॉनची पँट बरी. वाळलेल्या गवतात विडी-सिगारेट, शेगडी, फटाका काहीही नको. एका ठिणगीने वणवा लागतो. कापलेल्या गवताच्या आणि भाताच्या भाऱ्यांखाली घोणस किंवा फुरसं असू शकतं, तेव्हा भारा हाताने सरकवून 'कंपोझिशन नीट' करू नका.

शेत आणि खळं

भाताची झोडणी हा उजेडासमोर टिपायचा सर्वांत सोपा विषय. पेंढी फळीवर आपटली की दाणे आणि भुसा उडतो, आणि मागून ऊन असेल तर त्याचा सोनेरी ढग होतो. सूर्याच्या बरोबर समोर न राहता साधारण ४५ अंश बाजूला उभे राहा, म्हणजे झोडणाऱ्याच्या खांद्याला आणि गालाला उजेडाची कड मिळते आणि चेहराही दिसतो. उडता दाणा थिजवायला १/१०००, हातांचा वेग दाखवायला १/६०. पेंढी वर असताना नाही, ती आपटल्यानंतरच्या क्षणाला बटण दाबा. सलग चार-पाच फोटोंचा मोड लावा. वारा जिकडून येतो त्या बाजूला राहिलात तर भुसा डोळ्यांत आणि लेन्सवर येत नाही. इथे लेन्स बदलायची नाही. सेन्सरवर बसलेली धूळ पुढच्या प्रत्येक फोटोत आकाशात काळा ठिपका बनून येते.

खळ्यात चप्पल-बूट घालून जाऊ नका. सारवलेली जागा आहे, तिथे अन्न पडतं. आधी बोला, मग कॅमेरा काढा. 'मामा, झोडणीचे फोटो काढले तर चालतील का?' एवढं पुरतं. कामाची लय बिघडवून 'परत एकदा आपटा' म्हणू नका. थांबलात तर तीच कृती पुढच्या अर्ध्या मिनिटात पुन्हा होणारच असते. काम साधारण अकराच्या पुढे न्याहारीला थांबतं, त्याच्या आत पोहोचा. काढलेले फोटो दाखवा, व्हॉट्सॲपवर पाठवा. पाठवतो म्हणून न पाठवणाऱ्यांमुळे पुढच्या माणसाला गावात नकार ऐकावा लागतो.

उसाच्या फडात जायचं असेल तर तोड चालू असलेल्या टोळीबरोबरच जा. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे उसात बिबट्या असतो, आणि फड तुटत आला की तो उरलेल्या पट्ट्यात दबून बसतो. पहाटे एकट्याने उसाच्या कडेला बसून सूर्योदयाची वाट बघायची नाही.

गुऱ्हाळ

थंडीत वाफ जास्त दिसते, म्हणून गुऱ्हाळाला पहाटे पाच ते नऊ या वेळात जा. कोल्हापूर, कराड, दौंडकडे गुऱ्हाळं रस्त्याकडेलाच असतात. एक आधण (एका वेळी उकळायला घेतलेल्या रसाचा गूळ) उतरायला दोन-अडीच तास लागतात, तेव्हा घाई न करता पूर्ण एक आधण बघा. क्रम साधारण असा: चरकातून आलेला रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, पडतो, तापल्यावर मळी वर येते आणि ती काढत राहतात, मग फेस चढतो, रंग पिवळा होत जातो, शेवटी गुळव्या पाक पाण्यात टाकून बोटांनी तपासतो आणि काहील वाफ्यात, म्हणजे पाक निववायच्या उथळ हौदात, रिकामी होते. फोटो कुठे आहेत ते या क्रमात आधीच ठरवता येतं: मळी काढणारे हात, चुलवाणाच्या तोंडाशी चिपाडं सारणारा माणूस, बोटांवरचा पाक, आणि ओतताना उठणारा वाफेचा लोट.

थंडगार कॅमेरा थेट वाफेत नेला की काचेवर दव धरतं. कॅमेरा बंद सॅकमध्ये ठेवून पंधरा मिनिटं आत उभे राहा, गप्पा मारा, रस प्या, मग बाहेर काढा. आत उजेड कमी: एफ/२.८ किंवा लेन्स उघडेल तितकी, १/१२५, आयएसओ १६०० ते ३२००. छपराच्या फटीतून किंवा उघड्या बाजूने उजेड येत असेल तर तो वाफेच्या मागे येईल असे उभे राहा आणि त्यामागे काळी पडलेली भिंत घ्या. दाराकडे तोंड करून मागे उजळ आकाश घेतलंत तर वाफ दिसतच नाही.

चुलवाणाच्या जाळाला उणे १.५ ते उणे २ लावा, नाहीतर ज्वाळांचा पांढरा गोळा होतो. व्हाइट बॅलन्स सूर्याच्या चिन्हावरच असू द्या: जाळ लाल-नारिंगी राहतो, बाहेरून येणारा उजेड स्वच्छ राहतो. ऑटोवर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येतो.

फ्लॅश वापरू नका. वाफेवर आपटून तो पांढरा पडदा करतो, आणि उकळत्या काहिलीशी काम करणाऱ्या माणसाचे डोळे दिपवणं धोक्याचं आहे. उतरता पाक ११५ अंश सेल्सिअसच्या पुढे असतो आणि चिकटतो. काहील हलायला लागली की काहील आणि वाफा यांच्या मधली जागा सोडून मागे व्हा. लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर लावायला ही एक जागा खरंच योग्य आहे. पाकाचा शिंतोडा बसला तर फिल्टर काढून ओल्या फडक्याने पुसता येतो.

आठवडी बाजार

बाजारात नवख्याचे फोटो एका कारणाने बिघडतात: ताडपत्री. निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या माणसाचा चेहरा निळा, नारिंगीखाली नारिंगी, आणि घरी बसून तो रंग नीट निघत नाही. ताडपत्रीच्या कडेला, जिथे बाहेरचा उजेड आत येतो, तिथे बसलेली माणसं शोधा. आतलाच फोटो हवा असेल तर कृष्णधवल करायचा हे आधीच ठरवून काढा.

सकाळी नऊ ते अकरा किंवा चारनंतर जा. लेन्स २४ ते ३५ मिमीच्या आसपास ठेवा, एफ/५.६, १/२५०. लांबून झूम करून चोरून काढलेल्या फोटोत माणसं त्रासलेली दिसतात. जवळ जाऊन काहीतरी विकत घ्या, 'मावशी, तुमच्या बोरांचा फोटो काढू का?' असं विचारा, आधी मालाचा काढा. मावशींचा फोटो त्यानंतर आपोआप मिळतो. 'नको' म्हटलं की विषय संपला.

काय बघायचं ते तिथीवर ठरतं. तुळशीच्या लग्नाआधी ऊस, आवळे, चिंचा आणि बोरं. मार्गशीर्षात गुरुवारच्या पूजेसाठी बुधवारी संध्याकाळी पाच प्रकारच्या पानांच्या जुड्या, फुलं आणि फळांचे ढीग. घोंगड्या-स्वेटरवाले, पावटा-घेवड्याच्या शेंगांची पोती, सीताफळांच्या शेवटच्या पाट्या. नुसत्या ढिगाऱ्यापेक्षा वजन करणारा हात, तागडीचा काटा, पिशवीत ओतताना सांडणाऱ्या शेंगा असं काहीतरी घडताना टिपा.

पक्ष्यांबद्दल थोडक्यात

३०० मिमीहून लहान लेन्स असेल तर पक्ष्यांच्या मागे लागू नका, थवे काढा. ज्वारीच्या पट्ट्यात संध्याकाळी भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे आकाशात वळतात, त्याला ५५ मिमीही पुरते. उजनी धरणाच्या काठच्या भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) बघायला नोव्हेंबरात जाऊ नका. उजनीचं पाणी उतरून काठ उथळ झाल्याशिवाय ते जवळ मिळत नाहीत. या दिवसांत तिथे किंवा नांदूर मध्यमेश्वरला बदकं आणि चक्रवाक बघा. उडत्या पक्ष्याला १/१६०० लागतो. थवा उडवण्यासाठी नावाड्याला होडी जवळ घ्यायला सांगू नका.

संध्याकाळ: धूर, पणत्या, चंद्र

सूर्य कलला की जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा आधी थंड होते. त्यामुळे चुलींचा आणि शेकोट्यांचा धूर वर न जाता घरांच्या उंचीवर आडवा पसरतो. गावाबाहेरच्या लहानशा टेकाडावर पावणेसहाला जाऊन उभे राहा. सूर्यास्तानंतर दहा मिनिटांनी हा थर सर्वांत स्पष्ट दिसतो. ७० मिमी किंवा लांब लेन्स, ट्रायपॉड, एफ/८.

शेकोटीचा फोटो पूर्ण अंधारात काढू नका. सूर्यास्तानंतर १५ ते २५ मिनिटं आकाशात निळा उजेड असतो, तेव्हा जाळाचा आणि आकाशाचा उजळपणा जुळतो. एफ/१.८, १/६०, आयएसओ १६०० पासून सुरुवात करा. फोकस जाळावर नाही, जाळाकडे बघणाऱ्या चेहऱ्यावर. त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर लावलेल्या पणत्यांनाही हीच वेळ आणि हीच मापं. पाण्यातलं प्रतिबिंब हवं तर घाटाच्या खालच्या पायरीवर बसा. शेवाळलेली पायरी निसरडी असते, ट्रायपॉडचे पाय तपासून ठेवा.

चंद्र पौर्णिमेला टिपायचा हा समजही सोडा. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी चंद्र सूर्यास्ताच्या आधीच उगवलेला असतो. डोंगरावर अजून उजेड आहे आणि चंद्रही दिसतो, एकाच फोटोत दोन्ही येतं. पौर्णिमेच्या दिवशी तो वर येईतो खालचं सगळं काळं पडतं. नुसता चंद्र हवा असेल तर मॅन्युअल मोड, एफ/८, १/१२५, आयएसओ १०० च्या आसपास. ऑटोवर काळ्या आकाशाचा हिशेब धरून कॅमेरा चंद्राचा पांढरा दिवा करतो.

घरी आल्यावर

आधी ब्लोअरने धूळ उडवा, मगच कापड लावा. सॅक उलटी करून झटका आणि कुसळं चिमट्याने वेचा. कोकणात-गोव्यात उतरला असाल तर उलटा प्रश्न येतो: एसी खोलीतला थंड कॅमेरा सकाळी बाहेरच्या दमट हवेत नेला की काच धुरकटते. कॅमेरा पिशवीत बंद ठेवून अर्धा तास गॅलरीत राहू द्या. पुसत बसू नका, पुन्हा धरतं.

फोटो निवडताना एका प्रसंगाचे दोनच ठेवा. दुरुस्ती करताना धुक्याच्या फोटोला 'डीहेझ' (धुरकटपणा काढणारा पर्याय) लावू नका, ज्यासाठी पहाटे उठलात तेच त्याने पुसलं जातं. गवताच्या फोटोत सॅच्युरेशन वाढवण्याचा मोह होतो; त्याऐवजी व्हाइट बॅलन्स ५८०० ते ६२०० केल्विनपर्यंत न्या आणि सावल्या थोड्या उचला. रंग किती पुरे हे ओळखायला आकाश बघा: ते हिरवट दिसायला लागलं की जास्त झालं.

त्याच रात्री प्रत्येक फोटोला गाव, तारीख आणि पीक लिहून ठेवा, आणि ज्यांना फोटो पाठवायचं कबूल केलंय त्यांना पाठवून मगच कार्ड पुसा.